लस घेतल्यानंतरच्या महिन्यांत शरीरात नेमके काय उरते?

गोदाकाठ

सर्व नाशिककरांना नमस्कार. गेल्या रविवारी पंचवटीतल्या आमच्या जुन्या घरातले लोखंडी कपाट आवरायला काढले, तेव्हा माझ्या वडिलांच्या, म्हणजे नानांच्या, औषधपाण्याच्या फायलीत अँटिबॉडी तपासणीच्या तीन चिठ्ठ्या एकाच टाचणीने जोडून ठेवलेल्या सापडल्या. नानांनी कोविशिल्डची पहिली मात्रा मार्च २०२१ मध्ये, साठ वर्षांवरील लोकांसाठी लसीकरण सुरू झाले तेव्हा घेतली होती आणि दुसरी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. जूनमधल्या पहिल्या तपासणीत आकडा चार अंकी होता, सप्टेंबरमध्ये तो तीन अंकी झाला आणि जानेवारी २०२२ च्या चिठ्ठीवर तो दोन अंकांवर आला होता. नाना आयुष्यभर हिशेबनीस होते. त्यांनी तिसऱ्या चिठ्ठीच्या पाठीमागे पेन्सिलीने दरमहा घट काढून, ती पुढे लावून, खाली दोन रेघा मारून लिहून ठेवले आहे, "चैत्रात शून्य."

त्या पेन्सिलीच्या ओळीने आमच्या घरातले एक वर्ष खाल्ले. जानेवारीपासून नानांनी रामकुंडावरची सकाळची फेरी बंद केली, चाळीस वर्षांच्या मित्रांना दारातूनच परत पाठवले. सहव्याधी नसल्यामुळे त्यांना तिसरी, खबरदारीची मात्रा मार्च २०२२ च्या उत्तरार्धातच मिळू शकली आणि ती घेतल्यावरही "हीसुद्धा उतरणारच आहे" असे म्हणून ते घरातच बसून राहिले. त्यांना कोणी खोटे सांगितले नव्हते, आकडे खरोखरच उतरत होते. तरीही त्यांचा निष्कर्ष चुकीचा असावा असे मला तेव्हाही वाटत होते, पण का, ते समजावून सांगता येत नव्हते. नाना आता ८१ वर्षांचे आहेत आणि दरवर्षीच्या फ्लूच्या लसीवरून तोच प्रश्न घरात पुन्हा उभा राहिला आहे. लस घेतल्यानंतरच्या महिन्यांत शरीरात काय घडते, काय ओसरते आणि काय उरते, हे जाणकारांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. मी ते मोठ्या अक्षरांत छापून नानांना वाचायला देणार आहे.

सूक्ष्मदर्शी

ताई, मी अनेक वर्षे महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले आहे, म्हणून नानांच्या हिशेबापासूनच सुरुवात करतो. त्यांची वजाबाकी बरोबर असेलही, परंतु ती पुढे सरळ रेषेत नेणे चुकले, कारण प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, सरळ रेषेत कधीच उतरत नाहीत.

लस टोचल्यानंतर दंडातून काखेतल्या लसिका ग्रंथींपर्यंत (लिम्फ नोड) विषाणूच्या प्रथिनाची ओळख पोहोचते. त्या प्रथिनाशी जुळणाऱ्या बी पेशी (रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) तिथे झपाट्याने वाढतात आणि त्यांतल्या बऱ्याच पेशी प्रतिपिंडे तयार करण्याच्या कामाला लागतात. या पहिल्या फळीतल्या बहुतेक पेशी अल्पायुषी असतात. काही दिवस किंवा काही आठवडे प्रचंड उत्पादन करून त्या मरून जातात. त्यांनी रक्तात सोडलेले आयजीजी जातीचे प्रतिपिंड साधारण तीन आठवड्यांत निम्मे होते. उत्पादक गेला आणि मालही झिजू लागला, की रक्तातला आकडा घसरणारच. दुसऱ्या मात्रेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत दिसणारी तीव्र घसरण मुख्यतः याच कारणाने होते आणि ती प्रत्येक लसीनंतर, प्रत्येक संसर्गानंतर होते. ती झाली नसती, तर लहानपणापासून झालेल्या प्रत्येक संसर्गाची प्रतिपिंडे साचून आपले रक्त घट्ट झाले असते.

पण थोड्या पेशी अस्थिमज्जेत जाऊन स्थिरावतात. या दीर्घायुषी पेशी वर्षानुवर्षे, कधी कधी जन्मभर, थोडे थोडे उत्पादन चालू ठेवतात. त्यामुळे आलेखाची उतरंड आधी तीव्र, मग सौम्य आणि मग जवळजवळ सपाट होत जाते. जून ते सप्टेंबरची घट पुढच्या चैत्रापर्यंत तशीच ताणणे म्हणजे वळवाच्या पहिल्या तासाचा पाऊस मोजून संपूर्ण मोसमाचा अंदाज बांधण्यासारखे आहे.

शिवाय रक्तातली प्रतिपिंडे हा या सगळ्यातला एकच भाग आहे. विषाणूची आठवण जपून ठेवणाऱ्या स्मृतिपेशींविषयी सविस्तर लिहिणार आहेच, पण तत्पूर्वी प्रयोगशाळेतल्या कोणी त्या चिठ्ठ्यांबद्दल लिहावे, कारण मला तिथेच एक शंका येते आहे.

रक्तनमुना

मी कॉलेज रोड परिसरातल्या एका रोगनिदान प्रयोगशाळेत काम करतो. गोदाकाठताई, कृपया त्या तिन्ही चिठ्ठ्यांवर आकड्यापुढे कोणते एकक छापले आहे ते पाहा. तिन्ही तपासण्या एकाच ठिकाणी, एकाच यंत्रावर झाल्या होत्या का, हेही महत्त्वाचे आहे. कोविडच्या अँटिबॉडी तपासणीसाठी त्या काळात निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे वापरली जात होती आणि प्रत्येकीचे मोजमाप आपापले होते. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२० मध्ये एक आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरवून दिले आणि त्यानुसार बीएयू हे सामाईक एकक आले, पण अनेक चिठ्ठ्यांवर कंपनीचे जुने एयू हेच एकक छापले जात राहिले. एका प्रचलित यंत्रावरच्या एयूचे बीएयू करायचे झाल्यास आकड्याला ०.१४२ ने गुणावे लागते, म्हणजे तेच रक्त एका कागदावर सातशे दाखवते आणि दुसऱ्या कागदावर शंभर.

गोदाकाठ

मी आताच भिंग घेऊन पाहिले. पहिल्या दोन चिठ्ठ्या एकाच प्रयोगशाळेच्या आहेत आणि त्यांवर एयू प्रति मिली असे आहे. तिसरी चिठ्ठी दुसऱ्या प्रयोगशाळेची आहे, कारण त्या जानेवारीत तिसरी लाट सुरू होती आणि घरी येऊन रक्त नेणारा जो मिळाला त्याच्याकडून आम्ही तपासणी करून घेतली होती. तिच्यावर बीएयू प्रति मिली असे बारीक अक्षरांत छापलेले आहे. दोन्हींकडच्या कोणीही आम्हाला एककाविषयी एक शब्द सांगितला नव्हता. पैसे मात्र तिन्ही वेळा आधी घेतले होते.

म्हणजे नानांनी रुपयांतून पैसे वजा केले होते, असेच म्हणायचे ना?

रक्तनमुना

होय, तसेच झाले आहे. घट झालेली असणार, पण त्या वजाबाकीत दिसते तितकी ती नव्हती. त्यात आणखी एक भर घालतो. ही तपासणी विषाणूच्या काटेरी (स्पाइक) प्रथिनाला चिकटणारी सर्व प्रतिपिंडे मोजते, पण त्यांपैकी विषाणूला प्रत्यक्ष निकामी करणारी किती, हे ती सांगत नाही, आणि स्मृतिपेशींविषयी तर काहीच सांगत नाही. अमुक आकड्याच्या वर असलात तर सुरक्षित आणि खाली असलात तर असुरक्षित, अशी सर्वमान्य रेषा कोविडसाठी कधीही ठरलेली नव्हती. लस लागू पडली का हे पाहण्यासाठी निरोगी माणसाने ही तपासणी करू नये, असेच तेव्हा सांगितले जात होते. तरीही लोक रांगा लावून येत असत आणि आम्ही ती करून देत असू. याची खंत मला आजही आहे.

देवळालीकर

चर्चा उत्तम चालली आहे, पण माझी एक मूलभूत शंका आहे आणि ती मी मनापासून विचारतो आहे. आमच्या घरातल्या पाचही जणांच्या दोन्ही मात्रा २०२१ च्या सप्टेंबरपर्यंत पूर्ण झाल्या होत्या. जानेवारी २०२२ मध्ये पाचही जणांना ताप, घसादुखी आणि पॉझिटिव्ह अहवाल. शरीराने विषाणूची आठवण जपून ठेवलेली असते असे म्हणायचे, तर चार महिन्यांत ती आठवण कुठे गेली? सहा महिन्यांत निकामी होणाऱ्या लसीला लस म्हणावे का, असा प्रश्न आमच्या शेजारच्या काकांनी तेव्हा विचारला होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हते.

सूक्ष्मदर्शी

देवळालीकर, ही शंका अगदी रास्त आहे आणि तिचे उत्तर दोन भागांत द्यावे लागेल. पहिला भाग असा, की "संरक्षण" हा शब्द आपण एकवचनी वापरतो तिथेच गोंधळ होतो. संसर्ग होणे, लक्षणे दिसणे, रुग्णालयात जावे लागणे आणि मृत्यू येणे या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि लसीचे संरक्षण या चारही बाबतींत वेगवेगळ्या गतीने उतरते.

इंग्लंडमध्ये डेल्टाच्या काळात झालेला एक मोठा अभ्यास जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अ‍ॅस्ट्राझेनेकाची लस होती, म्हणजे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने आपल्याकडे कोविशिल्ड या नावाने बनवली तीच. दुसऱ्या मात्रेला वीस आठवडे उलटून गेल्यावर लक्षणे असलेल्या आजारापासून मिळणारे तिचे संरक्षण सुमारे ४४ टक्क्यांवर आले होते. त्याच लोकांमध्ये, तितक्याच काळानंतर, रुग्णालयात दाखल होण्यापासूनचे संरक्षण सुमारे ८० टक्के आणि मृत्यूपासूनचे सुमारे ८५ टक्के टिकून होते. तुमच्या घरी पाच जणांना ताप आला, ही पहिल्या आकड्याची गोष्ट झाली. त्या पाचांपैकी किती जणांना प्राणवायू लावावा लागला, असे मी विचारले तर तुम्ही बहुधा एकालाही नाही असे सांगाल. हे मोजमाप ओमिक्रॉनच्या आधीचे आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये आढळलेल्या त्या प्रकाराने काटेरी प्रथिनाचे रूप इतके बदलले होते, की जुन्या प्रतिपिंडांची पकड आणखी ढिली झाली आणि तुमच्या घरी जानेवारीत पोहोचला तो बहुधा तोच.

दुसरा भाग वेळेचा आहे आणि मला तो या संपूर्ण विषयाचा गाभा वाटतो. स्मृतिपेशी जाग्या होऊन, वाढून, पुरेशी प्रतिपिंडे रक्तात ओतेपर्यंत साधारण चार-पाच दिवस जातात. ओमिक्रॉन शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सुमारे तीन दिवस लागतात. आठवण शाबूत होती, पण ती कामाला लागण्याआधीच घसा दुखू लागला होता. दंडात दिलेल्या लसीमुळे नाकाच्या आतल्या ओल्या अस्तरावर प्रतिपिंडांचा पहारा फारसा बसत नाही, त्यामुळे दारातच अडवण्याचे काम रक्तातून पाझरणाऱ्या प्रतिपिंडांवर असते. ती भरपूर असतात तेव्हा, म्हणजे मात्रेनंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत, संसर्गसुद्धा टळतो, आणि ती ओसरली की दार किलकिले होते. पण विषाणू घशातून फुप्फुसात उतरून तिथे धुमाकूळ घालायला आणखी काही दिवस घेतो आणि तोवर स्मृतिपेशी व टी पेशी पोहोचलेल्या असतात. टी पेशी विषाणूला नव्हे, तर विषाणू शिरलेल्या आपल्याच पेशीला ओळखून मारतात आणि त्या प्रथिनाचे अनेक लहान लहान तुकडे ओळखत असल्यामुळे विषाणूने रूप बदलले तरी सहसा फसत नाहीत. २००३ च्या सार्सच्या साथीतून बरे झालेल्या लोकांच्या रक्तात सतरा वर्षांनंतरही त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी पेशी सापडल्या आहेत.

देवळालीकर

एकालाही दाखल करावे लागले नाही, हे खरे आहे. आमच्या आईचे वय तेव्हा ७६ होते आणि तिला मधुमेह आहे. तीही चौथ्या दिवशी उठून स्वयंपाकघरात आली होती. त्याच आईच्या धाकट्या बहिणीला एप्रिल २०२१ मध्ये, लस मिळण्याआधी, आम्ही गमावले. या दोन गोष्टी मी आजवर एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे, सर.

द्राक्षवेल_निफाड

मी द्राक्षबागायतदार आहे, डॉक्टर नाही, पण सूक्ष्मदर्शी सरांचे वाचताना मला आमच्या बागेतली गोष्ट आठवली आणि ती नानांना कदाचित पटेल. आम्ही एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो. त्यानंतर नव्या काडीवरच्या डोळ्यांत, म्हणजे अंकुरांत, सूक्ष्म घडनिर्मिती होते. छाटणीपासून साधारण चाळीस ते साठ दिवसांच्या काळात पुढच्या हंगामाचे घड त्या डोळ्यांत ठरलेले असतात, पण बाहेरून काहीच दिसत नाही. नवीन माणूस बाग पाहायला आला तर त्याला फक्त पाने दिसतात आणि पुढे पानेही जुनी होऊन गळू लागतात. ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी केली, की डोळे फुटतात आणि फुटीबरोबर घड बाहेर पडतो. घड आहे की नाही हे आधी पाहायचे असेल तर डोळा कापून सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यावा लागतो, आम्ही तसा तो तपासून घेतोही. पाने मोजून घडांचा अंदाज कोणी बांधत नाही.

स्मृतिपेशींचे असेच काहीसे असते का, सर?

सूक्ष्मदर्शी

याहून चांगले उदाहरण मी वर्गात कधी दिले नाही. त्यात थोडी भर घालतो, कारण साम्य तुम्हाला वाटते त्याहून पुढे जाते. लस टोचल्यानंतर लसिका ग्रंथींत बी पेशींची जणू शाळा भरते. तिथे त्या पेशी आपल्या प्रतिपिंडाच्या आराखड्यात बारीक बारीक बदल करून पाहतात. ज्यांची पकड विषाणूच्या प्रथिनावर अधिक घट्ट बसते त्या टिकतात आणि बाकीच्या मरतात. पूर्वी असे वाटत असे, की ही शाळा काही आठवड्यांत सुटते. परंतु कोविडच्या एमआरएनए लसी (फायझर, मॉडर्ना यांच्यासारख्या) घेतलेल्यांच्या काखेतल्या ग्रंथींतून सुईने नमुने घेऊन पाहिले, तेव्हा दुसऱ्या मात्रेनंतर कित्येक महिने ती चालूच असल्याचे आढळले. ज्या सहा महिन्यांत रक्तातली प्रतिपिंडे उतरत होती, त्याच सहा महिन्यांत स्मृतिपेशींची संख्या वाढत होती आणि त्यांची पकडही सुधारत होती. चिठ्ठीवरचा आकडा उतरत असताना नानांच्या काखेत हे काम चालू असण्याची दाट शक्यता होती.

दोन मात्रांमध्ये अंतर ठेवण्यामागेही हेच कारण आहे. मध्ये पुरेसा काळ गेला, तर दुसऱ्या मात्रेला अधिक तयार झालेल्या पेशी सापडतात. कोविशिल्डच्या मूळ चाचण्यांत दोन मात्रांतले अंतर सहा आठवड्यांहून कमी होते त्यांच्यात परिणामकारकता सुमारे ५५ टक्के दिसली आणि बारा आठवडे किंवा अधिक होते त्यांच्यात सुमारे ८१ टक्के.

सिस्टर_सिडको

हे अंतर मे २०२१ मध्ये बारा ते सोळा आठवडे केले, त्या आठवड्यात मी लसीकरण केंद्राच्या टेबलावर होते. ऐन उन्हात रांगेत दोन तास उभ्या राहिलेल्या आजीबाईंना "आज नाही, ऑगस्टमध्ये या" असे सांगणे किती अवघड होते, ते मला विसरता येत नाही. लस संपली म्हणून तारीख पुढे ढकलली, असेच सर्वांना वाटले, आणि टंचाई खरोखरच होती, त्यामुळे त्यांना खोटे कसे म्हणावे? त्या वेळी मला द्राक्षवेलदादांचे उदाहरण ठाऊक असते, तर निदान दिंडोरी-निफाडकडून आलेल्या माणसांना तरी मी नीट समजावू शकले असते.

मला दुसऱ्या तीन विषाणूंविषयी लिहायचे आहे. आम्हा परिचारिकांना हेपटायटिस बीच्या तीन मात्रा दिल्या जातात आणि शेवटच्या मात्रेनंतर महिना-दोन महिन्यांनी आकडा पाहतात. तो एकदा दहाच्या वर गेला, की पुढे तो दहाखाली उतरला तरी निरोगी व्यक्तीला वर्धक (बूस्टर) मात्रा देत नाहीत. मला हे अनेक वर्षे कोड्यासारखे वाटत होते. सरांचे वेळेचे गणित वाचल्यावर उलगडा झाला. हेपटायटिस बीचा विषाणू शरीरात शिरल्यापासून आजार दिसेपर्यंत एक ते सहा महिने घेतो, मग स्मृतिपेशींना चार-पाच दिवस लागले तरी काय बिघडले? रक्तात प्रतिपिंडे नावालाही उरली नसताना या लसीचे संरक्षण तीस वर्षे टिकलेले दिसले आहे.

कुत्रा चावलेल्यांच्या बाबतीतही आम्ही हेच रोज पाहतो. आधी रेबीजची लस कधीच घेतलेली नसेल तर महिनाभराचे वेळापत्रक असते आणि जखमेतून रक्त आले असल्यास तयार प्रतिपिंडेही जखमेत भरावी लागतात. पूर्वी लसीकरण पूर्ण झालेले असेल तर लगेच एक आणि त्यानंतर तीन दिवसांनी दुसरी अशा दोनच मात्रा पुरतात आणि तयार प्रतिपिंडे लागत नाहीत, कारण शरीर स्वतःच ती वेगाने बनवते. अर्थात, आधीची लस झाली आहे म्हणून या दोन मात्रा टाळायच्या नसतात आणि जखम पंधरा मिनिटे साबण व वाहत्या पाण्याने धुणे कोणालाही चुकलेले नाही.

तिसरा विषाणू गोवराचा. २०२२ च्या शेवटी मुंबई, भिवंडीबरोबर आपल्या जिल्ह्यात मालेगावलाही गोवराचा उद्रेक झाला होता. तेव्हा घरोघरी फिरताना आया एक प्रश्न हमखास विचारत, "नऊ महिने होईपर्यंत का थांबायचे? आत्ताच टोचा ना." आईच्या रक्तातली प्रतिपिंडे बाळाला गर्भातच मिळतात आणि काही महिने त्याचे रक्षण करतात. पण ती भरपूर असताना लस टोचली, तर ती लसीतल्या विषाणूलाच निष्प्रभ करतात आणि बाळाचे शरीर स्वतः काही शिकत नाही. म्हणून आईची प्रतिपिंडे ओसरण्याची वाट पाहायची, पण फार नाही. ज्या भागात नऊ महिन्यांखालच्या बाळांनाच मोठ्या प्रमाणात गोवर होत होता, तिथे सहा महिन्यांपासून एक जादा मात्रा देण्याची सूचना केंद्राने त्या नोव्हेंबरात दिली होती. ती मोजणीत धरायची नव्हती, नऊ महिन्यांनंतरच्या नेहमीच्या दोन मात्रा तरीही द्यायच्याच होत्या. उधार मिळालेली प्रतिकारशक्ती उतरते, तेव्हा मागे काहीच राहत नाही. नानांनी स्वतःच्या शरीराविषयी जी भीती बाळगली होती, ती खरे तर या बाळांच्या बाबतीत खरी आहे.

गोदाकाठ

सिस्टर, तुमचा हा प्रतिसाद मी नानांना काल रात्री वाचून दाखवला. त्यांनी लगेच विचारले, की गोवराच्या दोन मात्रा जन्मभर पुरतात, मग फ्लूची दरवर्षी का? हा प्रश्न त्यांच्या मित्रमंडळीतही नेहमी निघतो. कोणी सांगेल का?

सूक्ष्मदर्शी

गोवराचा विषाणू आपले बाह्यरूप बदलू शकत नाही, बदलले तर त्याला पेशीत शिरताच येत नाही. शिवाय गोवराची लस म्हणजे दुबळा केलेला जिवंत विषाणूच असतो, तो शरीरात थोडा वाढतो आणि अस्थिमज्जेतल्या दीर्घायुषी पेशींचा मोठा ताफा उभा करून जातो. गोवराची स्मृती किती टिकते याचा एक जुना आणि सुंदर पुरावा आहे. फेरो बेटांवर १७८१ मध्ये गोवर येऊन गेला आणि मग थेट १८४६ मध्ये परत आला. पानुम नावाच्या तरुण डॅनिश डॉक्टरने तिथे घरोघर फिरून नोंदी केल्या, तेव्हा १७८१ मध्ये लहानपणी गोवर झालेल्या वृद्धांपैकी एकालाही पासष्ट वर्षांनंतर तो पुन्हा झालेला त्याला आढळला नाही. मधल्या काळात बेटांवर गोवर नव्हताच, म्हणजे आठवणीला उजाळा देणारे काहीही घडले नव्हते.

फ्लूचा विषाणू मात्र सतत थोडा थोडा बदलतो, त्याचा अधिशयन काळ, म्हणजे शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ, दोन-तीन दिवसांचाच असतो आणि त्याच्या नेहमीच्या लसीत मृत विषाणूचे तुकडे असतात, त्यामुळे प्रतिपिंडेही काही महिन्यांत उतरू लागतात. तीन कारणे एकाच दिशेला ओढतात. म्हणून वर्षातून दोनदा, उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिण गोलार्धासाठी सप्टेंबरमध्ये, लसीत कोणते प्रकार घ्यायचे ते जागतिक आरोग्य संघटना नव्याने सुचवते.

अंबड_वसाहत

मला एक गोष्ट नोंदवणे आवश्यक वाटते, कारण हा धागा वाचून कोणी निर्धास्त होऊ नये. माझ्या धाकट्या भावाचे मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले आहे आणि ते मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून तो रोज प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेतो. दोन मात्रांनंतर त्याच्या रक्तात प्रतिपिंडे जवळजवळ तयारच झाली नव्हती. त्याच्या डॉक्टरांनी मुद्दाम तपासणी करून घेतली होती आणि तिचा उपयोगही झाला, कारण आमच्या घरातल्या इतर सर्वांनी तिसरी मात्रा वेळेवर घेतली आणि पुढे दोन वर्षे त्याच्या खोलीत मास्क लावूनच जात राहिलो. उतरण्यासाठी आधी चढावे तर लागते. अशा रुग्णांना वर लिहिलेले सगळे जसेच्या तसे लागू करू नये.

सूक्ष्मदर्शी

हे आपण लिहिलेत ते फार बरे झाले. प्रत्यारोपण झालेले, रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणारे, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे यांचे वेळापत्रक त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचे असते आणि त्यांच्या बाबतीत रक्तनमुना यांनी सांगितलेला तपासणीविषयीचा नियमही बदलतो. वय हाही घटक आहे. ऐंशीच्या पुढे नवीन बी पेशींचा पुरवठा आटलेला असतो, आलेख तरुणांपेक्षा खालून सुरू होतो आणि लवकर उतरतो. इंग्लंडच्या ज्या अभ्यासाचा मी उल्लेख केला, त्यातही ६५ वर्षांवरील लोकांत उतार अधिक होता. म्हणून वृद्धांना वर्धक मात्रा आधी दिली गेली. नानांची काळजी अनाठायी नव्हती. त्यांनी काळजीवर उपाय म्हणून दार लावून घेतले, तसे होऊ न देता आपण सर्वांनी त्यांना साथ द्यायला हवी होती.

सिस्टर_सिडको

गोदाकाठताई, नानांच्या फ्लूच्या लसीबद्दल एक व्यावहारिक गोष्ट सांगते. आपल्याकडे फ्लू मुख्यतः पावसाळ्यात वाढतो आणि जानेवारी ते मार्च दरम्यान पुन्हा एकदा डोके वर काढतो. लस घेतल्यावर प्रतिपिंडे पुरेशी वर यायला दोन आठवडे लागतात आणि काही महिन्यांनी ती उतरू लागतात. दिवाळीच्या सुट्टीत मुलगा घरी आला की घेऊ, असे म्हणून बरेच जण ती नोव्हेंबरात घेतात आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिचा जोर गेलेला असतो. मेच्या अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला, त्या वर्षीची नवीन लस आली आहे ना हे खोक्यावर पाहून, डॉक्टरांना विचारून घ्यावी. २०२७ च्या पावसाळ्यात सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत, देशभरातून माणसे येतील आणि तुमचे घर तर पंचवटीतच आहे.

गोदाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नानांनी आज सकाळी हा सगळा धागा दोन वेळा वाचला. नंतर ती तिसरी चिठ्ठी मागवून घेतली, खोडरबराने पाठीमागचे "चैत्रात शून्य" पुसले आणि आकड्याला सातने गुणून नवीन वजाबाकी मांडली. "तरी उतरलंच आहे," असे ते म्हणाले, पण या वेळी त्यांनी रेघ सरळ खाली न नेता हळूहळू आडवी होत जाणारी काढली आणि ती कागदाच्या कडेपर्यंत नेली. फ्लूची लस मेच्या शेवटच्या आठवड्यात घ्यायची असे ठरले आहे, आणि त्यांचे दोन जुने मित्र, जे २०२२ मध्ये दारातून परत गेले होते, तेही त्याच दिवशी सोबत येणार आहेत. त्यांच्यापैकी एकजण मधुमेही आहेत आणि त्यांनी आजवर फ्लूची लस एकदाही घेतलेली नाही. सिस्टर, त्यांच्यासाठी वेगळे काही विचारायचे असेल तर मी याच धाग्यावर लिहीन.